चुकलेली गोळी आणि चुकलेले धोरण

परदेशी गेलेल्या एचआयव्हीबाधित कामगाराच्या गोळ्या चुकल्या की दोष त्याच्या बेशिस्तीला दिला जातो. सुखवस्तू प्रवाशापुरता हा उपदेश कदाचित पुरेसा असेल. दोन वर्षांच्या करारावर आखातात राबणाऱ्या मजुराच्या बाबतीत मात्र तो निव्वळ दिशाभूल करणारा आहे.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे साधे आहे. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. ती वारंवार चुकली तर रक्तातील औषधाचे प्रमाण घटते, विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. एखादी वेळ चुकली तर आठवण होताच गोळी घ्यावी. डोल्युटेग्राविरच्या बाबतीत पुढच्या वेळेला चार तासांहून कमी अवधी उरला असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दुप्पट गोळ्या मात्र कधीही घेऊ नयेत. मुंबई आणि दुबईच्या घड्याळांत फरक अवघा दीड तासाचा. तेवढ्याने उपचार बिघडत नाही. उपचार बिघडतो तो भीतीने.

ही भीती कायद्याने निर्माण केलेली आहे. आखातातील बहुतेक देशांत कामाच्या परवान्यासाठी एचआयव्हीची चाचणी सक्तीची आहे. लागण आढळली तर परवाना नाकारला जातो आणि तेथे राहणाऱ्याची पाठवणी मायदेशी होते. एका खोलीत अनेकांसह राहणाऱ्याने गोळ्यांची बाटली ठेवावी कोठे? रजा लांबली आणि औषध संपले, तर कोणत्या दवाखान्याची पायरी चढावी? नाव उघड झाले की नोकरी गेली. नोकरी गेली की गावाकडचे कर्ज उरले. अशा स्थितीत त्याला शिस्त शिकवणे ही क्रूर थट्टा आहे.

यावर हमखास उत्तर मिळते : ते देश सार्वभौम आहेत, आपला इलाज नाही. परंतु आखाताच्या परवान्यासाठीची पहिली तपासणी होते ती भारताच्या भूमीवर, भारतातील वैद्यकीय केंद्रांत. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा नोकरीची पूर्वअट म्हणून अशी चाचणी घेण्यास मनाई करतो. येथील कारखानदाराला जे वर्ज्य, ते परदेशी मालकासाठी येथेच राजरोस चालते, आणि सरकार डोळे मिटून घेते. नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका दबला आहे, त्याच्यापासून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. अमेरिकेने आपली प्रवेशबंदी २०१० साली उठवली. मग या बंदीला शास्त्राचा आधार उरला कोठे?

डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. नारायण मल्हार जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. त्याच श्रम संघटनेची २०१० ची २०० क्रमांकाची शिफारस सांगते की, एचआयव्हीच्या कारणावरून स्थलांतरित कामगाराला रोजगारासाठी जाण्यापासून कोणत्याही देशाने, मूळ देशानेसुद्धा, रोखू नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली. पोटासाठी दूरदेशी जाणे हा गिरणगावातल्या माणसाचा शौक नव्हे. त्याने पाठवलेल्या परकीय चलनाचा अभिमान मिरवणाऱ्या सरकारने त्याच्या औषधाची जबाबदारीही उचललीच पाहिजे.

२००४ पासून सरकारी केंद्रांत हे औषध मोफत मिळते, ही चळवळीची कमाई आहे. ती विमानतळाच्या दारात संपता कामा नये. करारावर जाणाऱ्याला दीर्घ मुदतीचा साठा मिळावा; वकिलातींनी नाव गुप्त राखून मदत करावी; मनुष्यबळाच्या प्रत्येक करारात चाचणीची अट रद्द करण्याची मागणी ठामपणे मांडावी. कामगार संघटनांनी हा प्रश्न दवाखान्याचा न मानता वेतन आणि कामाच्या तासांइतकाच आपला मानला, तरच सरकार हलेल. मजुराचे श्रम निर्यात करायचे आणि त्याचा आजार त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा, हा व्यवहार यापुढे चालू देता कामा नये.