सामान नेता येते, पत्त्याचे काय?

२०२२ सालच्या जानेवारी महिन्यात गूगल कंपनीने आपल्या काही जुन्या ग्राहकांना एक सूचना पाठविली. स्वतःच्या नावाचा पत्ता घेऊन ई-मेल, दिनदर्शिका इत्यादी सेवा वापरण्याची जी विनामूल्य योजना कंपनीने २००६ मध्ये सुरू केली होती, तिचे हे लाभार्थी होते आणि त्यांत छोट्या संस्थांबरोबर अनेक कुटुंबेही होती. ही योजना आता बंद होणार असून यापुढे प्रत्येक व्यक्तीमागे दरमहा शुल्क भरावे लागेल, असे त्यांना कळविण्यात आले. बरीच ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने घरगुती वापरापुरती माघार घेतली. प्रकरण मिटले, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न मिटलेला नाही. एखाद्या कुटुंबाचा सगळा पत्रव्यवहार आणि सगळे वेळापत्रक एकाच कंपनीच्या हाती असेल, आणि त्या कंपनीने उद्या अटी बदलल्या, तर त्या कुटुंबापाशी निघून जाण्याची सोय कितपत उरते?

फुकटाचे अर्थकारण

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा इतर विनामूल्य सेवा दोन-चार मेगाबाइटची जागा देत असत. जीमेलने एक गिगाबाइट देऊ केली. तारीख पाहून अनेकांना ही थट्टाच वाटली. ती थट्टा नव्हती, तसेच ते दानही नव्हते. पत्रांतील मजकूर यंत्राकरवी चाळून त्याला अनुरूप जाहिराती दाखविणे हा त्या व्यवहाराचा दुसरा भाग होता, आणि ही चाळणी थांबविण्याची घोषणा कंपनीने २०१७ मध्ये केली. अर्थात व्यवहार दोन्ही पक्षांनी राजीखुशीने केला होता व ग्राहकाला त्यातून उत्तम सेवा मिळाली, हे नाकारता येणार नाही. आक्षेप किमतीवर नसून वेगळ्याच गोष्टीवर आहे: बाजारात ग्राहकाचे खरे सामर्थ्य त्याच्या निघून जाण्याच्या शक्यतेत असते, आणि ती शक्यता येथे वर्षागणिक क्षीण होत जाते.

सामायिक दिनदर्शिकेच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले ‘कालनिर्णय’ हीच कित्येक मराठी घरांची सामायिक दिनदर्शिका होती. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता, आजोबांच्या श्राद्धाची तिथी हे सारे त्या चौकोनांत लिहिले जाई आणि छापणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. आज मुलगा बंगळूरला, मुलगी टोरांटोला आणि आईवडील साताऱ्याला अशी कुटुंबे आहेत. त्यांना भिंतीवरचे कॅलेंडर पुरणार नाही. फोनमधील दिनदर्शिका ही त्यांची खरी गरज आहे. परंतु पत्रव्यवहारातून प्रायः झालेल्या गोष्टी कळतात, तर दिनदर्शिकेतून व्हायच्या गोष्टी कळतात. घरातील माणूस कोणत्या डॉक्टरकडे किती वेळा जातो, घर कोणत्या आठवड्यात बंद असेल, मुलाची परीक्षा केव्हा आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. अशी वही कोणाच्या कपाटात ठेवावी, याचा विचार करणे हा काही भित्रेपणा नव्हे.

पत्ता हीच ओळख

गूगलने आपली पत्रे, छायाचित्रे व नोंदी एकत्र उतरवून घेण्याची सोय दिलेली आहे, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. म्हणजे सामान बाहेर नेता येते. नेता येत नाही तो पत्ता. बँक, आयकर खाते, विमा, मुलांचे प्रवेश अर्ज, या सर्वांनी आपल्याला ओळखायचे ते त्या पत्त्यावरून. हरवलेला पासवर्ड पुन्हा मिळवायचा तोही त्याच पत्त्यावर. भाड्याच्या घराचा पत्ता रेशनकार्डावर चढला, आणि घरमालकाने कुलूप बदलले, तर जी अवस्था व्हावी तीच येथे होते.

हे भय काल्पनिक नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील एका पित्याने २०२१ मध्ये आपल्या आजारी बालकाचे छायाचित्र डॉक्टरांसाठी काढले. कंपनीच्या स्वयंचलित यंत्रणेने ते बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्र ठरविले आणि त्याचे खाते बंद झाले. ई-मेल गेली, छायाचित्रे गेली, आणि फोनची सेवाही त्याच कंपनीची असल्याने क्रमांकही गेला. पोलिसांनी चौकशी करून कोणताही गुन्हा घडला नसल्याचा निर्वाळा दिला; तथापि कंपनीने खाते परत दिले नाही. चौकशी अधिकाऱ्याला त्याच्याशी संपर्कही साधता येईना, कारण फोन आणि ई-मेल दोन्ही बंद होते! ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ मध्ये हे वृत्त दिले. दुष्ट हेतू येथे कोणाचाच नव्हता. पण ज्या व्यवस्थेत दाद मागायला खिडकीच नाही, तेथे चांगल्या हेतूचाही उपयोग होत नाही.

मार्ग आणि मर्यादा

सुदैवाने ई-मेल ही मुळात कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. पत्रे पोहोचविण्याचा खुला नियमसंच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, दिनदर्शिकेतील नोंदींचा १९९८ मध्ये आणि दिनदर्शिका सामायिक ठेवण्याचा २००७ मध्ये. म्हणूनच एका सेवेतून दुसरीकडे जाणे येथे शक्य आहे. कुटुंबाने प्रथम आपल्या नावाचे डोमेन घ्यावे. त्याचा वार्षिक खर्च सामान्यतः हजार रुपयांच्या आसपास असतो. मग त्या नावावर सशुल्क सेवा देणारी एखादी कंपनी निवडावी. आधी दिनदर्शिका हलवावी, कारण तिच्याशी बाहेरच्यांचा संबंध कमी. मग बँक व आयकर यांचे पत्ते एकेक करून बदलावेत. आणि जुनी पेटी निदान वर्षभर चालू ठेवून तिच्यातील पत्रे नव्या पत्त्यावर वळवावीत. पुढे सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही, हा यातील मुख्य लाभ होय.

यावरील आक्षेपही लक्षात घेतले पाहिजेत. बड्या कंपन्यांची सुरक्षाव्यवस्था उत्तम असते, आणि घरच्या घरी सर्व्हर चालविण्याचा उत्साह बहुतेकांना झेपणारा नाही. आपण कितीही दूर गेलो तरी समोरचा माणूस जीमेलवर असेल, तर पत्राची एक प्रत तेथे राहणारच. डोमेनचे नूतनीकरण चुकले तर नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. नवी सेवा अडचणीत येणारच नाही, अशीही हमी नाही: स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन मेल भारतात रोखण्याचा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. स्वदेशी कंपनी निवडल्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही. कंपनी चेन्नईची असो वा कॅलिफोर्नियाची, पत्ता तिचा असेल तर ग्राहक बांधलेलाच. आणि या साऱ्या स्थलांतराचे श्रम बहुधा घरातील एकाच व्यक्तीवर पडतात. आजीच्या फोनमधील दिनदर्शिका नीट लागेपर्यंत तिला स्वस्थता नसते.

हे श्रम हाच खरा मुद्दा आहे. जे काम प्रत्येक कुटुंबाने एकेकट्याने रेटायचे, ते बहुसंख्य कुटुंबे करणार नाहीत, आणि कंपन्यांना हे पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून येथे कायद्याची गरज आहे. मोबाईलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क भारतात जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला आणि असंतुष्ट ग्राहकाच्या हाती एक शस्त्र आले. युरोपीय संघाने आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१८ पासून लागू केला. आपल्याकडे २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात असा हक्क होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात या हक्काला स्थान मिळाले नाही. ही उणीव भरून काढली पाहिजे. त्याचबरोबर खाते सोडणाऱ्याची किंवा खाते बंद झालेल्याची पत्रे ठराविक काळ नव्या पत्त्यावर पाठविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले पाहिजे. घर बदलणाऱ्याची पत्रे नव्या पत्त्यावर पाठविण्याचे काम टपाल खाते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे. अब्जावधी डॉलर कमावणाऱ्या कंपन्यांना ते अशक्य असण्याचे कारण नाही.

तोवर कुटुंबांनी स्वतःपुरते करण्यासारखे एक काम आहे. बड्या कंपनीची सेवा वापरायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. तीत गैर काही नाही. मात्र घरातील नवे मूल आपले पहिले खाते उघडील तेव्हा त्याचा पत्ता कुटुंबाच्या स्वतःच्या नावावर असावा. पुढे ते कोणाची सेवा वापरील हे त्याचे त्याने ठरवावे, आणि ठरविण्याची मोकळीक त्याच्याजवळ असावी.