पाटे किती कडक हवेत?



परवा चौथीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, मोटारीची स्प्रिंग मऊ चांगली की कडक?" मी पटकन म्हणाले, "मऊ! म्हणजे धक्के बसत नाहीत." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सगळे मऊच का नाही लावत?" प्रश्न बिनतोड होता. चला, आज तोच सोडवू या.

आधी एक खरी गोष्ट सांगते. शाळेला जाताना मला वडापची जीप धरावी लागायची. जास्त माणसं बसावीत म्हणून जीपवाल्या दादांनी मागच्या बाजूला दोन पाटे वाढवून घेतले. (इतकी माणसं भरूच नयेत, हे वेगळं!) जीप भरलेली असली की ठीक चालायची. पण एका संध्याकाळी आम्ही तिघेच होतो. खडीच्या वळणावर मागची चाकं टणाटण उडाली, जीप आडवी सरकली आणि एक चाक गटारात गेलं. कोणाला लागलं नाही, पण माझे पाय बराच वेळ लटपटत होते. दादा म्हणाले, "पाटे तर मजबूत घातलेत. मग असं कसं झालं?"

याचं उत्तर तुमच्या दप्तरात आहे. स्टीलची पट्टी काढा. तिचा २० सेंटिमीटर भाग टेबलाबाहेर राहील अशी धरा आणि मित्राला टेबलावरचा भाग घट्ट दाबून ठेवायला सांगा. छोट्या पिशवीत दहा नाणी घालून ती पट्टीच्या टोकाला अडकवा. पट्टी किती वाकली ते पाहा. आता फक्त १० सेंटिमीटर बाहेर ठेवा. पट्टी जेमतेम वाकते ना? लांबी निम्मी झाली की वाकणं साधारण आठव्या हिश्शावर येतं! आता एकावर एक दोन पट्ट्या ठेवा. वाकणं निम्मं होईल. जीपचे पाटे म्हणजे अशाच जाड पट्ट्यांची चळत. मोटारीतल्या गोल स्प्रिंगचंही असंच आहे. तिची तार दुप्पट जाड केली, तर स्प्रिंग १६ पट कडक होते.

वजन दुप्पट केलं की स्प्रिंग दुप्पट दबते. हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये छापला.

आता खड्ड्याकडे वळू. स्प्रिंग मऊ असेल तर चाक खड्ड्यात उतरतं, वर येतं, आणि गाडीचा सांगाडा फारसा हलत नाही. पोट ढवळत नाही, पाठ दुखत नाही. पण वळणावर हीच गाडी एका बाजूला कलते आणि ब्रेक दाबला की नाक खाली घालते. स्प्रिंग कडक असेल तर गाडी कमी कलते आणि स्टिअरिंग फिरवताच वळते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना कडक स्प्रिंगा असतात. पण त्यांचा रस्ता गुळगुळीत असतो, हे विसरू नका!

आपल्या खडीच्या रस्त्यावर कडक स्प्रिंग दबतच नाही. मग चाक उडतं. आणि हवेत उडालेलं चाक रस्ता धरणार कसा? टायर जमिनीला टेकलेला असेल तरच गाडी वळते आणि थांबते. दादांच्या रिकाम्या जीपचं नेमकं हेच झालं. पाटे भरलेल्या जीपच्या मापाचे, आणि जीप रिकामी!

स्प्रिंगेचा एक जोडीदारही असतो, शॉकअॅब्सॉर्बर. गॅरेजमधली मंडळी त्याला 'शॉकअप' म्हणतात. त्यातलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उड्या शांत होतात. तो नसता तर एका खड्ड्यानंतर गाडी नाचतच राहिली असती. म्हणून स्प्रिंग बदलली, तर जोडीदारही तिला शोभेल असाच हवा.

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९४८ मध्ये 'टू सीव्ही' नावाची छोटी मोटार लोकांपुढे आणली. ती शेतकऱ्यांसाठी होती. अट अशी, की नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तरी एकही फुटू नये! तिच्या स्प्रिंगा फार मऊ होत्या. वळणावर ती इतकी कलायची, की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं. पण चाकं रस्ता सोडत नसत.

मग दादांनी काय करायला हवं होतं? काही मालगाड्यांना खाली एक जादा पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो, आणि ओझं वाढलं की मगच भार घेतो. रिकामी असताना गाडी मऊ, भरली की कडक. कुठली स्प्रिंग चांगली, असं विचारूच नये. रस्ता कसला आणि ओझं किती, ते आधी विचारावं.

दादांनी पुढे एकेक पाटा काढून घेतला, आणि माणसंही कमी भरू लागले. आता तुम्ही पट्टीचा प्रयोग करा, आणि तीन पट्ट्या ठेवल्यावर काय होतं ते वहीत लिहून ठेवा.

तुमच्या बाई