घुमट सगळ्यांचा, मग दार कुणाचं?



1956 साली मुंबई महाराष्ट्राला न देता दिल्लीच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला, तेव्हा शेटजी मंडळी बोरीबंदरासमोरच्या म्युनिसिपालिटीच्या इमारतीकडे बोट दाखवीत. म्हणे, पारशी, गुजराती, मराठी एका छपराखाली नांदतात. मराठी राज्य आलं की ही एकी मोडणार!

एकी? लॉर्ड रिपनने 1884 साली पाया घातला, स्टीव्हन्ससाहेबाने आराखडा काढला, 1893 साली इमारत पुरी झाली. माथ्यावर पंखवाली मूर्ती बसवली, ‘हिंदुस्थानातलं पहिलं शहर’ म्हणून. आणि त्या पहिल्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने निजणारा गिरणी कामगार? मत घरपट्टीवाल्याला, जास्त भाडं भरणाऱ्याला. सरसकट सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते 1948 साली. म्हणजे 55 वर्षं ही एकी पैशाच्या चाळणीतून गाळलेली. गटारं उपसायला तेवढा गरीब चालत होता!

त्याच इमारतीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, फ्लोरा फाउंटनला, 21 नोव्हेंबर 1955 रोजी पोलिसांनी आमच्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा कुठे गेली होती एकी?

मग 1957 साली समितीचे आचार्य दोंदे महापौर झाले. 1958 साली कामगारांचे कॉम्रेड मिरजकर त्या खुर्चीवर बसले. कुणा पारशी बावाचा नळ तोडला? कुणा गुजराती दुकानदाराला हाकललं? 1960 साली राज्यही झालं. फिरोजशहा मेहतांचा पुतळा दारात उभा होता, तो आजही तिथंच उभा आहे.