‘ले-ऑफ’ म्हणजे नेमके काय?

पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत ‘ले-ऑफ’ हा शब्द केव्हाच मराठी झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ नेमका होता : कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडले, म्हणून तात्पुरते काम न देणे. नाव हजेरीपटावर राहते. पात्र कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम मिळते. कायमचे काढणे ही ‘कपात’. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा भेद राखला.

हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत मात्र ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरीच गेली! बाप चाकणच्या कारखान्यात, लेक हिंजवडीत; शब्द एकच, पण बापाला परतीची वाट आहे, लेकीला नाही. म्हणून हा शब्द घरात आला, की धीर सोडण्याआधी विचारावे : नाव पटावर आहे की गेले? आणि उत्तर लेखी घ्यावे.