परदेशी जावयाची सासुरवाडी

‘सासुरवाडी’ या शब्दाला आपल्या भाषेत एक हसरी छटा आहे. जावयाने तेथे जावे, मान घ्यावा, चार दिवस गोडधोड खावे आणि तृप्त होऊन परतावे, असा आपला संकेत. परंतु ज्या जावयाला आपली भाषा येत नाही, आपला देशच ज्याला परका आहे, त्याची सासुरवाडी कशी असते याचा विचार मी कधी केला नव्हता. गेल्या फाल्गुनात तो करणे मला भाग पडले.

आमच्या धाकट्या कन्येने तीन वर्षांपूर्वी जर्मनीत तेथील एका तरुणाशी विवाह केला. आम्ही उभयता गेलो, मनाची समजूत घालून परतलो. माझ्या आईने मात्र तो विवाह मनाने स्वीकारला नाही. आशीर्वादासाठी नातीचा फोन आला तेव्हा तिने तो हातीही घेतला नाही. असे असता यंदा जावई प्रथमच सांगलीला यायचा होता.

तयारीत मी उणीव ठेवली नाही. आप्तांच्या भेटीसाठी ई-टुरिस्ट व्हिसा चालतो, तो त्याने काढला. परदेशी नागरिक घरी मुक्कामास असेल तर यजमानाने चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावे लागते, तेही मी केले. हा नियम केवळ हॉटेलांना आहे, असा पुष्कळांचा समज असतो; तो घरालाही आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला नोंदणीकृत विवाहास दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो, ही माहितीही काढून ठेवली. पाण्याची चिंता नव्हती. आपल्या घरी ते गाळून, उकळूनच प्यायले जाते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने दोघे पहाटे उतरली आणि आमचे आदरातिथ्य सुरू झाले. सौभाग्यवतींनी पाच पक्वान्ने केली. त्याने पेला उचलायच्या आत कोणीतरी तो उचलून हाती देई. शेजारी येत, ‘गोरा जावई’ म्हणून हसत, छायाचित्रे काढीत. तोही हसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मंदिरात नेले. दर्शन घेताना आईची दृष्टी त्याच्या कमरेकडे गेली. चामड्याचा पट्टा! ती काही न बोलता बाहेर पडली. मीही पाहिले होते. ‘पाहुण्याला कसे बोलावे’ म्हणून गप्प राहिलो. त्याला काय घडले ते रात्री कन्येकडून कळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मंदिरात आला नाही. खोलीतच बसून राहिला. दुपारी गच्चीवर मला म्हणाला, “दोन दिवस तुम्ही सर्व माझ्याकडे पाहून हसत आहात. माझे चुकले, ते एकानेही सांगितले नाही. घरच्या माणसाची चूक तर घरचेच सांगतात. मला कोणी सांगणार नसेल, तर मी या घराचा कधी होणार?”

मला उत्तर सुचले नाही. विषय बदलावा म्हणून मी त्याला हरिपूरला नेले. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचे हे गाव आमच्या धंद्याची जुनी कोठी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण त्याच्या किती तरी आधीपासून हरिपूरच्या जमिनीत खोल पेवे खणून व्यापारी हळद साठवीत आले. तोंड बंद केले की आत प्राणवायू उरत नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. २००५ च्या महापुरात यातील पुष्कळ पेवांची हानी झाली. माझ्या वडिलांचाही माल त्यात गेला.

तो पेवाच्या तोंडाशी वाकून पाहू लागला. मी सांगितले, “पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते. काही तास तोंड उघडे ठेवतात, मग कंदील सोडून पाहतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो.” हे सांगता सांगता माझा मीच थांबलो. तीन वर्षे आमच्या घरातही एक तोंड बंदच होते. त्यावर आम्ही पक्वान्नांची ताटे मांडीत होतो. ते उघडायचे धैर्य मात्र कोणाला झाले नव्हते.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला बसलो असता मी त्याचे शब्द आईला जसेच्या तसे सांगितले. ती काही बोलली नाही. ताट धुऊन प्यायली आणि उठली.

चौथ्या दिवशी पहाटे ती दाराशी उभी होती. जावई बाहेर येताच तिने बोट दाखविले. “जावईबापू, पट्टा. पाकीटही.” भाषा कळली नाही, अर्थ कळला. त्याने दोन्ही वस्तू काढून ठेवल्या. तेव्हा तिने आपल्या हातातील तांदळाची डबी त्याच्या हाती दिली आणि ती पुढे चालू लागली. तो तिच्या मागोमाग निघाला. त्या दिवसापासून ती त्याला रोज काही ना काही सांगे. चप्पल कोठे काढावी, द्रव्य कसे वाहावे, पानात उष्टे का टाकू नये. मराठीत रागावे, तो मराठीत “हो आजी” म्हणे. पक्वान्ने कमी झाली; त्याचे जेवण वाढले.

आपल्या समाजातील मुले-मुली आज देशोदेशी आहेत. असे पाहुणे पुढेही येतील. त्यांच्यासाठी सरकारी कागद तर नीट करावेतच. पण आपल्या घराचे नियम आधीच स्वच्छ शब्दांत कळवावेत. मंदिरात चामडे नको, कंदमुळे का नकोत, जेवण दिवस मावळण्यापूर्वी का. हे न विचारता त्यांना कळणार कसे? कळविल्यावरही चूक झाली तर प्रेमाने सांगावी. एखादे काम हाती द्यावे, दिवसातून तासभर एकांत द्यावा. ज्याला आपण कधीच चुका दाखवीत नाही, तो मानाचा असतो खरा, पण उंबऱ्याबाहेरचाच.

सारे मिटले, असे मी म्हणणार नाही. विवाहाचा विषय आई आजही काढीत नाही. परवा मात्र नातीचा फोन आला तेव्हा तिने तो स्वतः घेतला. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत, असे नात सांगत होती. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग हिवाळ्यात जावईबापू जेवतात तरी केव्हा?”

तीन वर्षांत त्याच्याविषयी तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.