आचारी आणि आचार्य

"अरे, लग्नाच्या मांडवात जिलब्या तळायला आचार्य कधीपासून बसू लागले?" असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याने मला फोनवरून विचारला. आत्या वाईस राहते. ३४ वर्षे तिने शाळेत मराठी शिकवले. आज ती ८१ वर्षांची आहे आणि अशुद्ध मराठी वाचले की अजूनही तिचा हात तांबड्या पेन्सिलीकडे जातो. मी विकत घेऊन दिलेल्या ई-पुस्तकातील कादंबरीत लग्नाचा प्रसंग होता. आचाऱ्यांनी पहाटे चुलाण पेटवले आणि पहिला घाणा काढला, असे मूळ लेखकाने लिहिले असणार. ई-पुस्तकात हे सर्व काम आचार्यांनी केले होते. पुढे चार पानांवर कथानायक सह्याद्रीच्या 'दर्या' ओलांडून गेला. "सह्याद्रीत समुद्र शिरला की काय?" आत्या म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही.

तिने का हसू नये हे कळण्यासाठी तिच्या डोळ्यांविषयी सांगितले पाहिजे. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला आहे. वयापरत्वे होणारा हा विकार चष्म्याने आटोक्यात येत नाही. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे खांदे दिसतात आणि चेहरा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. पुस्तक उघडले की जी ओळ वाचायची तीच नेमकी विरघळते. जन्मभर ज्या बाईने वाचनाखेरीज दुसरे व्यसन केले नाही, तिची दोन वर्षे भिंग हातात घेऊन आणि शेवटी भिंग बाजूला ठेवून गेली. मग मी तिला एक ई-रीडर नेऊन दिला. त्यातील अक्षर वाढवता येते, इतके की एका पडद्यावर पाच-सहाच शब्द मावावेत. प्रथम मी एक इंग्रजी गोष्ट उघडून दिली. तिने ते यंत्र नाकाजवळ धरले, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाली, "अरे, अक्षर दिसतंय!" त्या दिवशी ती जेवायला उठेना.

आता ई-रीडर म्हटले की आपल्याकडे एक मंडळी लगेच नाक उचलतात. नाक शब्दशः, कारण त्यांचा सारा युक्तिवाद वासावर आधारलेला असतो. कोऱ्या कागदाचा वास, पान उलटण्याचा आवाज, पुस्तकात ठेवलेले पिंपळपान! दिवाळी अंकांतून दर दोन-तीन वर्षांनी हे पिंपळपान मी वाचत आलो आहे. मलाही तो वास आवडतो. पण वास घेणे आणि वाचणे ही दोन निराळ्या इंद्रियांची कामे आहेत, आणि ज्यांचे डोळे धड आहेत त्यांनी वासाची चैन करावी, आत्याला ती परवडत नाही. शिवाय हा सोवळेपणा नवा नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले त्यात छापील कागदाला शिवायला भिणाऱ्या भोळ्या भाविकांची नोंद आहे. पोथी असावी ती हाताने लिहिलेली, अशी त्यांची श्रद्धा. त्यांचेच वंशज आज छापील कागदाची पूजा करीत आहेत, एवढाच फरक. त्यांच्याशी माझे भांडण फारसे नाही. ते निदान कोणाचे नुकसान करीत नाहीत.

माझे भांडण आहे ते दुसऱ्या बाजूच्या मंडळींशी. मराठी आता 'डिजिटल' झाली, हजारो पुस्तके एका बोटावर आली, असे जे सभांतून सांगतात त्यांच्याशी. त्यांच्यापैकी किती जणांनी एखादे मराठी ई-पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे? मी आत्यासाठी वर्षभरात बरीच घेतली. त्यांतली कित्येक पुस्तके नव्हतीच. ती पुस्तकांची छायाचित्रे होती. छापील पान यंत्राखाली ठेवून त्याचा फोटो काढलेला आणि तो फोटो 'ई-बुक' म्हणून विकायला ठेवलेला. फोटोतले अक्षर वाढवता येत नाही, वाढतो तो सगळा फोटो. मग पान पडद्याबाहेर पळते, आणि एकेक ओळ वाचण्यासाठी ते बोटाने उजवीकडे ओढायचे, पुन्हा डावीकडे आणायचे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा उजवीकडे. शेतात पाळी घालावी तसे. आत्याने एका कथासंग्रहाची तीन पाने अशी नांगरली आणि यंत्र माझ्या हातात दिले. "इंग्रजीत दे काहीतरी," ती म्हणाली. मराठीच्या शिक्षिकेने मराठीत वाचता येत नाही म्हणून इंग्रजी मागावे, याला मी साधी गैरसोय म्हणणार नाही.

दुसरा प्रकार त्याहून फसवा. आपल्या छापखान्यांत अक्षरजुळणी संगणकावर आली ती बहुतांशी अशा फाँटांवर, ज्यांत दिसते मराठी पण पोटात भरलेली असतात भलतीच चिन्हे. 'क' दिसावा म्हणून संगणकाच्या लेखी कोठले तरी रोमन अक्षर. कागदावर छापायचे तोवर हे खपून गेले, कारण कागदाला पोट नसते. पण त्या पुस्तकात एखादा शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही. मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तो दिला तर ती बिचारी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे बडबडू लागते. जे अजिबात पाहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हे पुस्तक मुके आहे. अंधांना पुस्तके सुलभ व्हावीत म्हणून २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपला भारत, २०१४ साली. कराराला पहिली मान्यता द्यायला आपण धावतो. कानामात्रा मात्र जागच्या जागी ठेवायला आपल्याला सवड नसते.

तिसरा प्रकार आचाऱ्यांचा. ही पुस्तके खरोखर अक्षरांची असतात, म्हणून त्यांचे मी स्वागत करतो, आणि म्हणूनच त्यांवर अधिक रागावतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रणाली असतात. बटण दाबले की कादंबरी बदलते. आता मराठीत 'आचार्य'मधला रफार वेगळा आणि 'आचारी'चे 'आचाऱ्यांनी' होताना येणारा आडवा, पापणीसारखा अर्धा र वेगळा. हा पापणीचा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि त्यापुढे एक जोडक घालायचा, जो दिसत नाही आणि ज्याची रुंदी शून्य. हा अदृश्य जोडक वाटेत कोठे गळून पडला की पापणीचा रफार होतो आणि आचाऱ्याला आचार्यपद मिळते. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली यात काही करू शकत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ते ओळखायला वाक्य वाचणारा माणूस लागतो. तो माणूस पूर्वी छापखान्यात असे. त्याला मुद्रितशोधक म्हणत, आणि कागदी आवृत्तीसाठी तो आजही असतो. ई-पुस्तकाच्या वाट्याला तो येत नाही, एवढेच.

'ल' आणि 'श' यांचे रडगाणे मी लांबवीत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि तिची वळणे प्रमाण ठरवली. दोन्ही वळणांची सोय असलेले फाँटही आहेत. पुस्तकाच्या पोटात 'भाषा: मराठी' एवढी नोंद केली की त्यांतून मराठी वळण आपोआप येते. ही नोंद करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तरी आत्याच्या ई-रीडरवर हिंदी वळणाचा ल येतो, आणि ती दर वेळी "हा आपला नव्हे" म्हणते.

मला सर्वांत खुपते ते हे की या दुर्दशेचा दोष यंत्रावर टाकण्याची सोयही आता उरलेली नाही. एके काळी ती होती. शिशाच्या खिळ्यांचा काळ आठवा. जोडाक्षरे आणि मात्रावेलांट्या यांसाठी देवनागरीला शेकडो खिळे लागत. रोमनचे काम त्याच्या लहानशा हिश्श्यात भागे. म्हणून लिपीलाच कात्री लावा अशी मागणी झाली. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, १९५३ साली लखनौस भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे नेण्याचा ठराव केला. यंत्राला जमत नाही तर लिपीने अंग चोरावे, असा त्या काळचा न्याय. तो चूक की बरोबर, हा वाद आता करण्यात अर्थ नाही, पण त्या लोकांपुढची अडचण खरी होती. आज काय आहे? १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून तीत देवनागरीला स्वतःचे घर आहे. त्या घरात 'ऱ' लाही खोली आहे. (गंमत अशी की ती मुळात द्राविडी भाषांतला कठोर र लिहिता यावा म्हणून दिलेली. आपली पापणी तेथे पोटभाडेकरू म्हणून राहते आणि सुखाने राहते.) एक खिळा पाडावा लागत नाही, एक वेलांटी हलवावी लागत नाही. यंत्र म्हणते, तुमची लिपी आहे तशी आणा. आणि आपण त्याच्यापुढे पानाचा फोटो धरतो! जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना असे काही देखणे वळण दिले की आजही ते पाहताना हात जोडावेसे वाटतात. शिशाशी झुंजून त्यांनी जे साधले ते आपल्याला आयते मिळाले असता आपण नाकारावे?

मी हे सारे एका प्रकाशकांपुढे मांडले. ते सज्जन आहेत, त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अहो, मराठी ई-पुस्तकं घेतो कोण? आणि जी काढावीत ती चोरीला जातात." पहिल्या म्हणण्याला माझे उत्तर असे की, आंबलेले श्रीखंड विकायला ठेवायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून गिऱ्हाइकाची रुची काढायची, हा न्याय कोणत्या बाजारातला? दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण फोनाफोनी फिरते ते काय? पानांच्या फोटोंची फाईल. ती चोराला घरबसल्या करता येते, त्यासाठी त्याला तुमच्या ई-पुस्तकाची गरजच नाही. म्हणजे चोराला वाट मोकळी, आणि पैसे मोजणाऱ्या आत्याला मात्र कुलूप. तेही असे की वाचून झालेले पुस्तक ती शेजारच्या काकूंना देऊ शकत नाही. ज्या महाराष्ट्रात ठाण्याला १८९३ साली आणि मुंबईला १८९८ साली लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालये उभी केली, जेथे एकच दिवाळी अंक वाचनालयातून वीस घरे फिरतो, तेथे उसने न देता येणारे पुस्तक म्हणजे काय हे मला अजून समजलेले नाही. ते विकत तरी मिळते का, हीही शंकाच आहे. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याला त्या विकण्याचा हक्कच नव्हता म्हणून. पैसे परत दिले आणि नंतर माफीही मागितली, पण घरात शिरून पुस्तक नेता येते हे तेव्हा जगाला कळले. त्या दोहोंपैकी एक कादंबरी '१९८४' होती.

प्रकाशकांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना चुका लिहून पाठवायला सांगा."

त्यांनी ते मला वाटेला लावण्यासाठी म्हटले असावे. पण माझ्या आत्याची आणि त्यांची ओळख नव्हती. तिने शेजारच्या मुलीला बसवून यादी लिहून घेतली. फुलस्केपचे सात कागद, पडद्यावरच्या स्थळासकट, 'आचार्य' अकरा ठिकाणी. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. तीन आठवडे काही नाही. मग एके दिवशी त्यांच्या कचेरीतून अक्षरजुळणी करणाऱ्या एका मुलीचा तिला फोन आला. "आजी, हा आडवा र कळफलकावर कुठे असतो हो?" आत्याने जन्मात संगणकाला हात लावलेला नाही. तिने मला फोन जोडून दिला, आणि मी त्या मुलीला सांगितले की इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे त्याच कळीवर, शिफ्ट दाबून, 'ऱ' असतो. "अय्या, एवढंच?" ती म्हणाली. चार वर्षे ती मराठी पुस्तके जुळवीत होती. तिला हे कोणी सांगितले नव्हते, आणि तिने विचारावे असा कोणी माणूस त्या कचेरीत नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास सुधारलेली प्रत आली. आत्याने रात्रीच लग्नाचा प्रसंग काढून पाहिला. जिलब्या आता आचारीच तळतात. सह्याद्रीच्या दर्या मात्र तशाच आहेत, म्हणून आठवा कागद तयार होत आहे.