'बकवास' म्हणजे नक्की काय?

आधी गुन्हा कबूल करतो. गॅदरिंगच्या आधी मेसबाहेरच्या बोर्डावर नाटकाचं एक पोस्टर लागलं होतं, फर्स्ट इयरच्या एका मुलाने हाताने रंगवलेलं. जेवणाच्या रांगेत उभा असताना मी मोठ्याने म्हणालो, "काय बकवास आहे यार!" सगळे हसले. तो मुलगा ताट घेऊन आमच्या मागेच उभा होता, हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नुसत्या टाचण्या होत्या.

माफी मागायला त्याच्या रूमवर गेलो. पोस्टर कॉटखाली गुंडाळून ठेवलेलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, नक्की काय चुकलं ते तरी सांगा." आणि खरं सांगतो, मला सांगता येईना! व्हायवाला दातखीळ बसते तसं झालं. मग आम्ही दोघांनी पोस्टर कॉटवर पसरलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं.

नाटकाचं नाव, तारीख, कलाकारांची नावं, सगळं एकाच आकारात. नजरेने सुरुवात कुठून करायची? ड्रॉइंगच्या शीटवर आपण वस्तूची बाह्यरेषा जाड आणि मापाच्या रेषा बारीक काढतो, ते कशासाठी? मुख्य काय आणि दुय्यम काय हे एका नजरेत कळावं म्हणून. पोस्टरचंही तेच.

गडद निळ्यावर लाल अक्षरं. रंग वेगळे, पण दोन्ही सारखेच गडद, त्यामुळे रांगेच्या टोकावरून काहीच वाचता येत नव्हतं. डोळे किलकिले करून बघा किंवा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढा, लगेच कळतं. तारीख वरच्या कोपऱ्यात आणि वेळ खालच्या. ओळी इतक्या चिकटलेल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलेला. आपली देवनागरी शिरोरेखेच्या वरही वाढते आणि अक्षराच्या खालीही, तिला जास्त जागा लागते. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या 'मंगल' फाँटमध्ये टाइप करून बघा, ओळी आपोआप लांब लांब पडतात.

रॉबिन विल्यम्स (नट नव्हे, लेखिका!) यांनी १९९४ च्या 'द नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक'मध्ये आपल्यासारख्यांसाठी चार तत्त्वं सांगितली आहेत: फरक ठळक असावा, काही गोष्टी पुन्हा पुन्हा याव्यात, मजकूर एका रेषेत असावा आणि नातं असलेल्या गोष्टी जवळ असाव्यात. यात कलाकार असायची गरज नाही, बघायची सवय पाहिजे.

आणि बघितल्यावर आणखी एक दिसलं. पोस्टरच्या मध्यभागी भली मोठी मोकळी जागा आणि तिच्यात एकच रिकामी खुर्ची. ती जागा त्याने मुद्दाम सोडली होती. आपल्यापैकी कोणीही तिथे दोन मुखवटे आणि प्रायोजकांची नावं कोंबली असती. पोस्टरमधली सर्वांत चांगली गोष्ट माझ्या 'बकवास'मध्ये वाहून गेली होती.

आता गंमत बघा. सर शीटवर लाल पेनाने नुसतं 'रिपीट' लिहितात तेव्हा आपण रात्रभर त्यांच्या नावाने खडे फोडतो. का? तर कारण सांगत नाहीत म्हणून. मग ज्युनिअरला 'बकवास' म्हणताना आपण वेगळं काय करतो? आणि 'भारी', 'एक नंबर' हीसुद्धा पळवाटच. त्यानेही समोरच्याला काही कळत नाही. गोड बोला असं माझं म्हणणं नाही. चुकलं तर चुकलंच म्हणा, पण आधी विचारा की हे कोणासाठी आहे, कुठून वाचायचं आहे. मग तुमची नजर प्रथम कुठे गेली ते सांगा, कुठे अडखळली आणि का ते सांगा. "मला निळा आवडत नाही" ही टीका नव्हे, आवड झाली.

एक सूचना. पुढच्या गॅदरिंगआधी एका संध्याकाळी सगळी पोस्टर्स कॉमन रूममध्ये लावू या, अर्धा तास. 'भारी' आणि 'बकवास' या दोन शब्दांना बंदी. प्राध्यापकांनीही यावं, आणि जमल्यास 'रिपीट'शेजारी पेन्सिलीने एक ओळ कारणही लिहावं, ही नम्र विनंती.

त्या मुलाने नंतर ब्रश हातात घेतलेला नाही. नाटकाचं पोस्टर शेवटी कॉम्प्युटरवरच्या तयार साच्यातून निघालं. सगळं सरळ रेषेत होतं, पण ती खुर्ची नव्हती.